मावळतीचा प्रकाश आणि रंगतापमानाचा तोल : आकुर्डी परिसरातील निसर्गछायाचित्रणासाठी

सूर्यास्ताच्या वेळी निसर्गदृश्य टिपताना छायाचित्रकाराला दोन वेगवेगळे तोल एकाच वेळी सांभाळावे लागतात. पहिला प्रकाशाच्या मात्रेचा, कारण आकाश अजून उजळ असते आणि जमीन झपाट्याने काळवंडत असते. दुसरा प्रकाशाच्या रंगाचा, कारण पश्चिमेकडून येणारा प्रकाश केशरी असतो, तर सावलीतल्या जमिनीवर माथ्यावरच्या आकाशाचा निळा प्रकाश पडलेला असतो. या दोन्ही बाबतींत संतुलन या शब्दाचा अर्थ फरक पुसून टाकणे असा घेतला, तर छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होऊनही त्यातली संध्याकाळ नाहीशी होते. फरक किती आहे हे मोजणे आणि त्यातला किती राखायचा हे ठरवणे, हाच येथे संतुलनाचा अर्थ होय. आकुर्डीसारख्या ठिकाणी या निर्णयाला वेळ फार थोडा मिळतो आणि त्यात कारखान्यांच्या व रस्त्यांच्या दिव्यांचा तिसरा प्रकाश येऊन मिसळतो, म्हणून तो निर्णय टेकडीवर पोहोचण्यापूर्वीच झालेला असणे हिताचे.

रंगतापमान ही संकल्पना पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला पुस्तकापेक्षा फोर्जिंगच्या भट्टीतून अधिक सहज कळते. तापवलेले लोखंड आधी मंद लाल दिसते, मग नारिंगी होते आणि घडाईच्या उष्णतेला, म्हणजे साधारण १२०० अंश सेल्सिअसला, पिवळसर नारिंगी झळकू लागते. तापमान वाढत जाईल तसा त्याच्या प्रकाशातला निळा अंश वाढत जातो. आदर्श कृष्णवर्णी पदार्थ ज्या तापमानाला ज्या रंगाने प्रकाशेल, ते तापमान केल्विन या एककात सांगणे म्हणजे त्या प्रकाशाचे रंगतापमान सांगणे. या मोजपट्टीवर मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, घरगुती तारेचा दिवा सुमारे २७०० ते २८५०, दुपारचे ऊन ५२०० ते ५५००, ढगाळ आकाश ६००० ते ६५००, मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० ते ८००० आणि निरभ्र निळे आकाश १०,००० केल्विनच्याही पुढे जाते. मावळत्या सूर्याचा थेट प्रकाश २००० ते ३००० केल्विनच्या घरात असतो. म्हणजे सूर्यास्ताच्या एकाच चौकटीत या मोजपट्टीची जवळजवळ दोन्ही टोके हजर असतात.

येथे नवशिक्याची एक फसगत हमखास होते. बोलण्यात ज्याला उबदार रंग म्हणतात त्या केशरी प्रकाशाचे तापमान मोजपट्टीवर कमी असते आणि ज्याला थंड म्हणतात त्या निळ्याचे अधिक. त्यावर कडी म्हणजे कॅमेऱ्यावर केल्विनचा आकडा वाढवला की चित्र निळे न होता अधिक पिवळे-केशरी होते. कारण असे, की श्वेतसंतुलन, म्हणजे ज्याला सर्वजण व्हाइट बॅलन्स म्हणतात ती मांडणी, प्रकाशाचा रंग ठरवत नाही. ‘समोरचा प्रकाश इतक्या केल्विनचा आहे असे समज आणि त्यात पांढरे ते पांढरे दाखव’ असे ती कॅमेऱ्याला सांगते. ७००० केल्विन असे सांगितले, की समोरचा प्रकाश निळसर आहे असे गृहीत धरून कॅमेरा त्यात पिवळा मिसळतो. स्वयंचलित मांडणीत हा अंदाज कॅमेरा स्वतः करतो आणि केशरी आकाश ही दूर करण्याजोगी चूक मानून त्यातले केशर कमी करतो. शिवाय चौकट थोडी फिरवली तरी त्याचा अंदाज बदलतो, त्यामुळे एकाच संध्याकाळच्या दहा चित्रांत दहा निरनिराळी आकाशे येतात. म्हणून सूर्यास्तासाठी स्वयंचलित श्वेतसंतुलन बंद करून एक आकडा पक्का धरावा, हा या लेखातला पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. ५२०० ते ५५०० हा आकडा बहुतेक संध्याकाळी न्याय्य ठरतो, कारण दुपारच्या उन्हाला पांढरे मानले की संध्याकाळ आपोआप दुपारपेक्षा जितकी केशरी असते तितकीच केशरी दिसते. अनेकजण ढगाळ किंवा सावलीची तयार मांडणी निवडतात. तिने आकाश पेटल्यासारखे दिसते खरे, पण सावलीतला निळा त्यात हरवतो आणि केशरीला तोलून धरायला चित्रात काहीच उरत नाही.

केल्विनच्या आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २००० आणि २५०० यांतला पाचशेचा फरक डोळ्यांना ठळक जाणवतो, तर ५००० आणि ५५०० यांतला जेमतेम जाणवतो. यासाठी मायर्ड हे एकक वापरतात, जे दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागून मिळते. त्या हिशेबाने पहिला फरक १०० मायर्डचा आणि दुसरा सुमारे १८ मायर्डचा भरतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की कमी आकड्यांकडे सरकताना पाऊल छोटे टाकावे.

मावळतीचा प्रकाश केशरी होतो त्यामागे वातावरणातील विखुरण आहे. लहान तरंगलांबीचा प्रकाश हवेच्या रेणूंकडून अधिक विखुरला जातो. ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा चौपटीहून अधिक. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना माथ्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते, त्यामुळे वाटेतच निळा गळून जातो आणि लाल-केशरी तेवढा पोहोचतो. सूर्य बुडाल्यानंतरचा माथ्यावरचा गडद निळा मात्र केवळ या विखुरण्यातून येत नाही. उंचावरचा ओझोन पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो, हे त्याचे मोठे कारण आहे. मराठीतला गोरज हा शब्द या संदर्भात अतिशय नेमका आहे, कारण घराकडे परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ आणि दिवसाची ती वेळ यांचे नाते त्याने भाषेत नोंदवून ठेवले आहे. आजच्या औद्योगिक पट्ट्यात ती धूळ वाहनांची आणि बांधकामांची आहे, पण प्रकाशावर तिचा परिणाम होतोच.

आकुर्डी सुमारे १८.६५ उत्तर अक्षांशावर आहे आणि या एका आकड्यातून बरेच काही ठरते. येथे सूर्य क्षितिजाकडे तिरपा घसरत नाही, तर बराचसा सरळ खाली उतरतो. सोनेरी तास या नावाने ओळखला जाणारा काळ, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या सहा अंश वर असल्यापासून चार अंश खाली जाईपर्यंतचा, येथे ४२ ते ४७ मिनिटांत संपतो. तास हे नाव उत्तरेकडच्या देशांतल्या संध्याकाळींना शोभणारे आहे. सूर्यास्तानंतरचा नागरी संधिप्रकाश, म्हणजे सूर्य सहा अंश खाली जाईपर्यंतचा उजेड, येथे २२ ते २५ मिनिटे टिकतो, तर लंडनच्या अक्षांशावर तो निदान दहा मिनिटांनी अधिक लांबतो. त्यामुळे परदेशी पुस्तकांतली वेळापत्रके येथे जशीच्या तशी लावली, तर छायाचित्रकार तिवई उघडेपर्यंत रंग ओसरलेले असतात. त्यातच पश्चिमेला डोंगर आहेत. समोरचा डोंगर दोन अंशांनी वर उठलेला असेल, तर पंचांगातल्या वेळेच्या आठ-नऊ मिनिटे आधीच सूर्य दिसेनासा होतो.

दिशेचा हिशेबही आधी करावा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना सूर्य येथे नेमका पश्चिमेला मावळतो, डिसेंबरमध्ये पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. वर्षभरातले सगळे सूर्यास्त या ५० अंशांत घडतात, म्हणजे पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मिलिमीटर भिंगाच्या आडव्या चौकटीत ते जेमतेम मावतात. वेळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सहाच्या किंचित आधीपासून जुलैच्या सुरुवातीच्या सव्वासातपर्यंत सरकते. पवना धरणाच्या जलाशयाकाठी तिकोना किल्ल्यावर उभे राहिले असता तुंग किल्ल्याचा सुळका पाण्यापलीकडे पश्चिम-वायव्येला दिसतो. त्यामुळे उन्हाळ्यात मावळता सूर्य तुंगच्या बाजूला सरकलेला असतो आणि थंडीत तो पार डावीकडे, नैर्ऋत्येला गेलेला असतो. एकाच ठिकाणचे दोन ऋतूंतले चित्र म्हणूनच दोन वेगळी चित्रे असतात. जवळच्या ठिकाणांत निगडीची दुर्गा टेकडी, देहूरोडजवळचा घोरावडेश्वराचा डोंगर, इंदोरीजवळचा भंडारा डोंगर आणि चाकणकडचा भामचंद्र डोंगर यांचा विचार करता येतो. दुर्गा टेकडीवर झाडी दाट असल्याने मोकळे क्षितिज शोधावे लागते. घोरावडेश्वरावरून खाली जुना महामार्ग आणि दूर गहुंजेचे क्रिकेट मैदान दिसते. देहूरोड हा छावणीचा परिसर आहे, तेव्हा लष्करी हद्दीचे फलक पाहूनच कॅमेरा काढावा आणि ड्रोनचा विचार परवानगीशिवाय करू नये. भंडारा डोंगरावर तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून येणारे भाविक असतात. त्यांच्या वाटेत तिवई उभी करू नये.

आता प्रकाशाच्या मात्रेकडे वळावे. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप. निरभ्र संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा जमिनीवरचा उजेड काहीशे लक्स असतो आणि नागरी संधिप्रकाश संपताना तो तीन-चार लक्सवर येतो. याचा अर्थ येथे दर तीन-साडेतीन मिनिटांनी सरासरी एक स्टॉप उजेड नाहीसा होतो, आधी सावकाश आणि मग वेगाने. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, एकदा ठरवून विसरण्याची गोष्ट नाही. आयएसओ १०० आणि छिद्रमान एफ/८ किंवा एफ/११ स्थिर ठेवून केवळ शटरचा वेळ वाढवत नेणे हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. तिवई स्थिर असली, की शेवटची चित्रे काही सेकंदांची झाली तरी बिघडत नाही.

आकाश आणि जमीन यांतला फरक स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या एका छोट्या भागापुरता प्रकाश मोजून, काढावा. सूर्यावर मोजमाप करू नये. त्याच्यापासून वीसेक अंश बाजूला असलेल्या आकाशावर एकदा आणि समोरच्या जमिनीवर एकदा मोजावे. फरक दोन स्टॉपपर्यंत असेल, तर काहीही न करणे उत्तम. तीन ते पाच स्टॉप असेल, तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे ग्रॅज्युएटेड फिल्टर, ज्याचा वरचा अर्धा भाग करडा आणि खालचा पारदर्शक असतो आणि जो आकाश दोन-तीन स्टॉपने दाबतो. समुद्रकिनाऱ्याच्या सरळ क्षितिजाला तो चपखल बसतो, पण सह्याद्रीच्या रांगेत डोंगराचा माथा करड्या पट्टीत शिरून अकारण काळा पडतो आणि आकुर्डी-रावेतच्या उंच इमारतींचे तर वरचे मजलेच अंधारात जातात. या परिसरात म्हणून दुसरा मार्ग श्रेयस्कर आहे : तिवई न हलवता दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे घ्यावीत आणि नंतर आकाश एकातून, जमीन दुसऱ्यातून जोडावी. जोडताना जमीन आकाशाइतकी उजळ करण्याचा मोह मात्र टाळावा. दख्खनचा बेसॉल्ट हा मुळातच काळा पाषाण आहे. तो संध्याकाळी काळाच दिसतो आणि तसाच दिसू द्यावा. आकाशापेक्षा जमीन एक-दोन स्टॉपने मागे राहिली, तरच पाहणाऱ्याचा त्या वेळेवर विश्वास बसतो.

ज्या चुकीमुळे सर्वाधिक सूर्यास्त वाया जातात, ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर सहजी दिसतही नाही. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजळपणाचा आलेख, एकत्रित पाहिला तर सर्व ठीक वाटते, पण लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगळे पाहिले, तर लाल कधीच उजव्या काठाला जाऊन आदळलेला असतो. लाल वाहिनी भरून वाहू लागली, की हिरवा तेवढा वाढत राहतो आणि केशरी आकाश सूर्याभोवती सपाट पिवळे होते. गेलेला लाल मग कशानेही परत येत नाही. म्हणून सूर्यास्ताला वेगळे आलेख दाखवणारी सोय चालू ठेवावी आणि लाल आलेख काठापासून थोडा अलीकडे राहील इतके एक्स्पोजर कमी करावे. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरवरची नोंद न छाटता, साठवावे; त्यात श्वेतसंतुलन नंतर बदलता येते. पण रॉ आहे म्हणून जागेवर आकडा न ठरवणे ही सबब आहे, कारण पडद्यावर चुकीचे रंग पाहत पाहत एक्स्पोजरचे निर्णयही चुकत जातात. सूर्य चौकटीत असताना, विशेषतः लांब भिंगातून, आरशाच्या कॅमेऱ्याच्या दृश्यकाला डोळा लावू नये. त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

ऋतूंचा विचार केल्यावाचून येथील प्रकाश समजत नाही. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर, हवा धुऊन निघालेली असते, ढग तुटक असतात आणि उतारांवरचे गवत हिरव्याकडून सोनेरीकडे जात असते. वर्षातले सर्वोत्तम आठवडे हेच. थंडीत खालच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसते आणि औद्योगिक पट्ट्यातला धूर व धूळ क्षितिजालगत साचून राहते, त्यामुळे सूर्य बुडण्याआधीच मंद लाल गोळा होऊन करड्या पट्ट्यात विरतो. अशा दिवशी रुंद दृश्याचा नाद सोडून लांब भिंगाने तो गोळा आणि त्याच्यासमोरची एखादी चिमणी, झाड किंवा डोंगराची कड घ्यावी, कारण त्या वेळी सूर्य आणि भोवतालचे आकाश यांतला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्यात आलेला असतो. उन्हाळ्यात वळवाचे उंच ढग पूर्वेला दाटतात आणि मावळतीचा प्रकाश त्यांच्या माथ्यावर सर्वांत शेवटी रेंगाळतो. पावसाळ्यात हिरवा सर्वत्र असतो, आणि हिरव्यावर केशरी प्रकाश पडला, की तो मळकट शेवाळी दिसतो. त्यावर केल्विन नव्हे, तर टिंट, म्हणजे हिरवा-जांभळा अक्ष, किंचित जांभळ्याकडे सरकवावा.

पाण्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर प्रतिबिंब हे आकाशापेक्षा एक-दोन स्टॉपने गडद असते आणि चित्रात ते आकाशाहून उजळ झाले, तर काही चुकले आहे हे अजाण डोळ्यालाही जाणवते. रावेतजवळच्या पवनेवर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते आणि प्रतिबिंबच उरत नाही. तेव्हा ती जलपर्णी लपवण्याऐवजी नदीचे खरे रूप म्हणून चौकटीत घेणे अधिक प्रामाणिक ठरते.

सूर्यास्तानंतर दहाएक मिनिटांनी तिसरा प्रकाश उगवतो. जुने सोडियम दिवे सुमारे २००० ते २१०० केल्विनचे आणि वर्णपटात खंड असलेले, म्हणून त्यांच्याखालचे रंग श्वेतसंतुलन कितीही बदलले तरी पुरते परत येत नाहीत. २०१५ पासून देशभर पथदिवे बदलण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर रस्ते बहुतांशी एलईडीचे झाले, जे ४००० ते ६५०० केल्विनचे असतात. परिणाम असा, की पूर्वी निळ्या आकाशाखाली शहर नारिंगी दिसे, आता ते पांढरे-निळसर दिसते आणि उबेची जागा घरांच्या खिडक्या, वाहनांचे लाल दिवे व मावळतीचा उरलेला पट्टा यांच्याकडे आली आहे. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा ते वीस मिनिटांनी आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड एकमेकांच्या जवळ येतो. हा मेळ चार-पाच मिनिटेच टिकतो आणि महामार्ग किंवा आकुर्डी रेल्वे स्थानकाचा परिसर उंचावरून घेण्यास तीच वेळ योग्य. या वेळी ५२०० सोडून ४००० च्या आसपास यावे. आकाश निळे राहते आणि दिवे जळजळीत पिवळे होत नाहीत. भिंगावरचा संरक्षक काचफिल्टर तेवढ्यापुरता काढावा, कारण दिव्यांची खोटी प्रतिबिंबे त्यातूनच उमटतात.

मिश्र प्रकाशाची सर्वांत अवघड परीक्षा आकुर्डीत वर्षातून एकदा येते. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी देहूतल्याच इनामदार वाड्यातल्या पहिल्या मुक्कामानंतर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते; २०२५ मध्ये ती १९ जूनला आली. त्या दिवसांत सूर्य वर्षातल्या सर्वांत उत्तरेकडच्या बिंदूशी, सातनंतर मावळतो, आकाशात मृगाचे ढग असतात आणि रस्त्यावर भगव्या पताका, पांढरे सदरे, पितळी टाळ व पथदिवे एकत्र येतात. भगवा हा रंग लाल वाहिनीला सर्वांत आधी भरतो, म्हणून पताकांच्या घड्या दिसाव्यात इतके एक्स्पोजर खाली ठेवावे. संपादनात पांढऱ्या सदऱ्यावर टिचकी मारून ‘हे पांढरे’ असे सांगण्याची चूक तर करूच नये. तो सदरा त्या क्षणी केशरी प्रकाशात न्हालेला होता आणि त्याला पांढरा केला, की दिंडी दुपारी बाराला चालत असल्यासारखी दिसते.

उबदार रंग स्वतःच्या बळावर उबदार वाटत नाही, हे चित्रकारांना फार आधी उमगले होते. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात दिव्याची ज्योत तळहाताआड आहे आणि बोटांतून व चेहऱ्यावर पाझरणारा प्रकाश भोवतालच्या अंधारामुळेच इतका उबदार वाटतो. सूर्यास्ताच्या छायाचित्रात ते काम सावलीतला निळा करतो. म्हणून संपादनात आकाशासाठी ५२०० ते ५५०० कायम ठेवून जमिनीपुरता वेगळा मुखवटा लावावा, तिचा निळा खटकत असेल तर तो निम्म्यापर्यंतच कमी करावा आणि रंगांची तीव्रता वाढवणारा पट्टा शक्यतो जागेवर राहू द्यावा.

मोबाइलवर चित्रे घेणाऱ्यांची संख्या आज सर्वाधिक आहे आणि त्यांनाही हे सारे लागू पडते. प्रो पद्धतीत जाऊन केल्विन ५३०० च्या आसपास बांधावे, उजळ आकाशावर बोट दाबून धरून एक्स्पोजर कुलूपबंद करावे आणि ते थोडे खाली ओढावे. मोबाइल अनेक चित्रे आपोआप एकत्र करून सावल्या उजळवतो. ती सोय बंद करता येत असेल, तर एक चित्र तिच्यासह आणि एक तिच्याविना घेऊन तुलना करावी.

चित्रे घेऊन झाल्यावर तिवई लगेच गुंडाळू नये, तर एकदा पूर्वेकडे वळावे. सूर्य बुडताच भोसरी-चाकणच्या बाजूला क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा वर येऊ लागतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. तेथे आकाश आणि जमीन यांतला फरक जेमतेम एक-दोन स्टॉपचा असल्याने फिल्टर लागत नाही आणि तीन चित्रे जोडावी लागत नाहीत. घरी आल्यावर ही चित्रे त्याच रात्री पिवळ्या दिव्याखाली संपादित करू नयेत, कारण त्या प्रकाशाला सरावलेला डोळा पडद्यावरचा केशरी कमी लेखतो. संगणकाच्या पडद्याचा पांढरा ६५०० केल्विनला लावून, त्यावरची रात्रीची पिवळी छटा बंद करून, ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडावीत.